विहीणबाईंना गोपाचल दाखवायचा होता: ग्वाल्हेरच्या एका गाईडचा आणि गाडीचा अनुभव

ग्वाल्हेरला पाहुणे आले की आम्ही लष्कर भागातली मराठी घरं त्यांना ठरलेल्या वाटेने फिरवतो. महाराज बाडा, जयविलास, फूलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी, तानसेनाची कबर, मग गाडीने वर किल्ल्यावर मानमंदिर, आणि संध्याकाळी घरी चहा-गजक. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि त्या छावणीचंच पुढे लष्कर हे शहर झालं. आमचं घर त्या छावणीबरोबर आलेलं. माझं माहेर आणि सासर दोन्ही इथलंच. तरीही यंदाच्या जानेवारीपर्यंत मी ‘एक पत्थर की बावडी’ ही किल्ल्याच्या कड्याजवळची विहीर पाहिली नव्हती. ज्या माणसामुळे ती पाहून झाली, त्याच्या कामाबद्दल मला मनापासून लिहायचं आहे.

माझी धाकटी सांगलीला जैन घरात दिली आहे. संक्रांतीनंतर विहीणबाई पहिल्यांदाच ग्वाल्हेरला येणार होत्या. फोनवर मी विचारलं, “काय काय पाहायचं मनात आहे?” त्या म्हणाल्या, “बाकी तुम्ही दाखवाल ते बघीन ताई. पण गोपाचलचे पार्श्वनाथ मला बघायचेतच. आमच्या सासूबाईंनी देवघरात फोटो लावलेला. लग्न झाल्यापासून त्याला हात जोडतेय मी, आता प्रत्यक्ष बघू दे की.”

गोपाचल म्हणजे आमच्या किल्ल्याचाच डोंगर, आणि त्याच्या कड्यात तीर्थंकर पार्श्वनाथांची प्रचंड मूर्ती कोरलेली आहे. मी हो म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर काळजी लागली. आदल्या वर्षी माझा भाचा पुण्याहून आला होता तेव्हा इथल्या एका ट्रॅव्हल ऑफिसकडून दिवसाची गाडी घेतली होती. उरवाई दरवाज्यातून वर जाताना दोन्ही अंगांना कड्यात कोरलेल्या प्रचंड मूर्ती दिसत होत्या आणि भाचा “थांबा, थांबा” म्हणत होता. ड्रायव्हरने गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. “ऊपर महल है, वो देखिए, ये तो बस मूर्तियाँ हैं,” असं म्हणाला. वर ज्याला गाईड म्हणून उभा केला होता, त्याने तीर्थंकरांच्या मूर्तींना बुद्ध म्हटलं. विहीणबाईंसमोर असं काही झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

म्हणून या वेळी गाडी आणि गाईड वेगळे शोधले. शेजारच्या घरातून एका परवानाधारक गाईडचा नंबर मिळाला. तिशीतला मुलगा, इतिहासात एम.ए. केलेला. गाडी त्याच्या मित्राची. दोघं मिळून हे काम करतात, ऑफिस नाही, पाटी नाही. त्यांची परवानगी घेतलेली नसल्यामुळे नाव आणि नंबर इथे देत नाही. पण काम कसं केलं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्ही कोणालाही ठरवलंत तरी काय मागायचं ते कळेल.

फोनवर त्याने आधी पैशांचं काढलंच नाही. तीन गोष्टी विचारल्या. बरोबर असलेल्यांचे गुडघे कसे आहेत? जेवणाचे काही नियम आहेत का? आणि अशी कुठली जागा आहे, जी राहिली तर दिवस वाया गेल्यासारखं वाटेल? तिसऱ्या प्रश्नाला मी “गोपाचलचे पार्श्वनाथ” म्हटलं. तो लगेच म्हणाला, “मग सुरुवात तिथूनच करू. आग्नेयेकडचा कडा आहे, सकाळचं ऊन थेट मूर्तींवर पडतं.” मग पैसे सांगितले: गाडी आणि गाईड मिळून आठ तासांचे ३,२०० रुपये, तिकिटं वेगळी, वेळ वाढला तर तासाला ३००. संध्याकाळी एक पैसाही जास्त मागितला नाही.

विहीणबाईंचा चौविहार असतो. सूर्य मावळायच्या आत जेवण, नंतर पाणीही नाही. कंदमुळं वर्ज्य, पाणी उकळून गाळलेलं. जानेवारीत इथे पावणेसहाच्या सुमाराला दिवस मावळतो. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “सव्वापाचला तुम्ही घराच्या दारात असाल.” दिवसभर त्याची नजर घड्याळावर होती, पण घाई त्याने आम्हाला जाणवू दिली नाही.

ठरलं होतं सकाळी आठला निघायचं. साडेसहाला खिडकी उघडली तर समोरच्या घराची गच्ची दिसत नव्हती. ग्वाल्हेरचं धुकं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते, जानेवारीत ते कधीकधी दुपारपर्यंत हटत नाही. सात वाजता त्याचाच फोन आला: “काकू, आत्ता गेलो तर काहीच दिसणार नाही. दहाला निघू. गुजरी महालाला वेळ कमी पडेल, चालेल?” चालेल म्हटलं. वेळेवर गाडी दारात आणून पाहुण्यांना धुक्यात उभं करणारे पुष्कळ भेटतात. याने आधी विचारलं, हे मला आवडलं.

दहाला निघालो तेव्हा धुकं विरळ व्हायला लागलं होतं. फूलबागेच्या बाजूने गाडी डोंगराला लागली आणि तिथून पायऱ्या. पायऱ्या बऱ्याच आहेत. माझा उजवा गुडघा दुखतो, विहीणबाईंचे दोन्ही. त्याने गाडीतून दोन काठ्या काढून दिल्या आणि स्वतः आमच्या मागे राहिला. “मागे कोणी आहे म्हटलं की चढताना भीती वाटत नाही,” असं त्याचं म्हणणं. खरंच वाटली नाही.

वर पोचलो आणि दोघीही एकदम गप्प झालो. मला वाटलं होतं एक मोठी मूर्ती असेल, आजूबाजूला काही लहान. इथे सगळा कडाच कोरलेला आहे. गुहेसारख्या खोल कोनाड्यांत एकामागून एक तीर्थंकर, काही खड्गासनात उभे, काही पद्मासनात बसलेले, अर्ध्या मैलाहून लांब रांग. अलेक्झांडर कनिंगहॅम या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १८६०च्या दशकात किल्ल्याची पाहणी केली तेव्हा किल्ल्यावरच्या जैन शिल्पांचे पाच गट पाडले. त्यांतला आग्नेयेचा गट तो हा. त्याने इथे २० ते ३० फूट उंचीच्या १८ मूर्ती मोजल्या, ८ ते १५ फुटांच्या जवळजवळ तेवढ्याच. गाईडने हे आकडे सांगितले आणि मग म्हणाला, “आता आकडे विसरा, दहा मिनिटं नुसतं बघा.” आणि तो खरोखर बाजूला जाऊन उभा राहिला. गाईड बोलायचा थांबला, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पार्श्वनाथ पद्मासनात आहेत. उंची ४२ फूट आणि रुंदी ३० फूट सांगतात. डोक्यावर नागफणा. धुक्यातून ऊन नुकतंच बाहेर येत होतं आणि फणेवरून खाली उतरत होतं. पिवळसर-तांबूस वालुकाश्म उन्हात आधी करडा, मग मधासारखा दिसायला लागला. विहीणबाईंनी चप्पल कधीच काढून ठेवली होती. दगड गार होता, त्यांना भान नव्हतं. त्यांनी णमोकार मंत्र म्हटला, अगदी हळू. मला तो पाठ नाही, मी हात जोडून उभी राहिले. नंतर त्यांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, “फोटोत मांडीवरचे हात दिसत नव्हते ताई. तळहात किती मऊ केलाय बघा. दगड वाटतोय का?”

तो तळहात मी पुन्हा पाहिला. मांडीवर एकावर एक ठेवलेले दोन पंजे, बोटांची टोकं किंचित वर आलेली. एवढ्या उंचीवर, पाडावर बसून छिन्नी धरणाऱ्या माणसाला खालून ते कसं दिसेल याचा अंदाज कुठून आला असेल, हे मला अजून सुटलेलं नाही. इथे चुकलं तर दुसरा दगड आणायची सोय नाही. डोंगर एकच.

एक पत्थर की बावडी शेजारीच आहे, अखंड खडकात खोदलेली. आत डोकावलं तर गारवा अंगावर येतो.

गाईडची खरी परीक्षा पुढे झाली. तिथे दर्शनाला आलेल्या एका कुटुंबातले आजोबा सांगत होते की बाबराच्या सैनिकांनी या मूर्तीवर हात उगारताच चमत्कार झाला आणि सगळे पळाले. विहीणबाईंनी गाईडला विचारलं, हे खरं का? त्याने आजोबांकडे पाहून हात जोडले आणि आम्हाला थोडं बाजूला नेऊन सांगितलं, “ही इथल्या लोकांची श्रद्धा आहे, फार जुनी. लिहून ठेवलेलं काय आहे ते उरवाईला सांगतो, कारण बाबराने लिहिलंय ते तिथल्या मूर्तींबद्दल.” श्रद्धा कुठली आणि नोंद कुठली हे त्याने वेगळं केलं, आणि आजोबांचा मानही राखला. विहीणबाईंना हे फार भावलं. मलाही.

हा गट ग्वाल्हेरचा राजा कीर्तिसिंह तोमर याच्या काळातला. इथले शिलालेख संवत १५२५ आणि १५३०चे, म्हणजे १४६८ आणि १४७३. उरवाईचा गट त्याच्या आधीचा, त्याचे वडील डूंगरसिंह यांच्या काळातला. हे तोमर राजे स्वतः जैन नव्हते, पण त्यांच्या गडाच्या कड्यावर जैन श्रावकांनी ही लेणी कोरून घेतली. रइधू हा अपभ्रंशात लिहिणारा जैन कवी त्याच काळात ग्वाल्हेरात होता. लेखांमध्ये काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरेच्या भट्टारकांची, म्हणजे मठाधिपतींची, नावं येतात, असं गाईडने सांगितल्यावर विहीणबाईंना एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. “म्हणजे आमच्या नांदणीला, कोल्हापूरला मठ आहेत तशी गादी होती की इथं!” ‘भट्टारक’ हा शब्द तिकडे त्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. मी मात्र इतकी वर्षं तो फक्त वाचला होता.

एक उणीव इथेच सांगते. वर बसायला सावलीची जागा कमी आहे आणि स्वच्छतागृहाची सोय आम्हाला मिळाली नाही. घरून निघतानाच आवरून निघा. पाणी बरोबर घ्या.

गुजरी महाल आम्हाला अर्ध्या तासात उरकावा लागला आणि त्याची मला हळहळ आहे. मानसिंह तोमराने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधला म्हणतात तो हा महाल. आता तिथे राज्याचं संग्रहालय आहे. ते उभं करण्यात ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांचा मोठा वाटा होता. आपला मराठी माणूस, आणि त्याचं नाव आमच्याच गल्लीत दहा जणांना विचारलं तर दोघांनाही माहीत नसेल. ग्यारसपूरची शालभंजिका इथेच आहे. ती पाहिली, बाकी दालनांतून नुसतं चालत गेलो. जैन मूर्तींच्या दालनात गाईडने पाच मिनिटं दिली, विहीणबाईंना अर्धा तास हवा होता. धुक्याचा दोष त्याचा नाही, पण मला विचारलं असतं तर मी वरचं काहीतरी गाळून इथे वेळ दिला असता. संग्रहालय सोमवारी बंद असतं, बेत आखताना लक्षात ठेवा.

तिथून शहराला वळसा घालून पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने वर. या वेळी गाडी मूर्तींजवळ थांबली नाही तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गाईड आरशात पाहून म्हणाला, “काकू, उतरताना. चढावर चालायचं नाही तुम्हाला. मी तुम्हाला वरून खाली चालत आणतो, गाडी खाली थांबेल.” इतकी साधी गोष्ट, पण दुखऱ्या गुडघ्यांचा विचार करून बेत आखणारा माणूस मला प्रथमच भेटला.

वरचं थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. डबा सूरजकुंडाजवळ उन्हात बसून खाल्ला: दशम्या, मटारची उसळ, लसूण न घातलेली दाण्याची चटणी, कोबीची भाजी, वर तिळाची वडी. गाईड आणि ड्रायव्हर दोघांनाही वाढलं. आधी नको नको म्हणाले, मग ड्रायव्हरने तीन दशम्या खाल्ल्या. मानमंदिराच्या निळ्या-पिवळ्या फरशांतली बदकं, हत्ती आणि केळी विहीणबाईंना फार आवडल्या. तळघरात उतरल्या नाहीत. आपल्या भावाला, मुरादला, औरंगजेबाने या किल्ल्यात कैदेत ठेवून मारलं हे ऐकल्यावर म्हणाल्या, “नको, आज तसलं काही बघायला नको.” सास-बहूच्या मोठ्या देवळात, ते मुळात विष्णूचं, १०९३ मधलं, कच्छपघात राजा महीपालाचं, गाईड जरा जास्त बोलला. उन्हात उभं राहून आम्ही दमलो. तेली का मंदिर बाहेरून पाहिलं. गुरुद्वारा दाता बंदी छोडमध्ये डोकं झाकून पाच मिनिटं बसलो. गुरू हरगोविंदांनी आपल्याबरोबर ५२ राजांची सुटका करवली ती हकीकत विहीणबाईंनी दोनदा सांगायला लावली.

हाथी पोळ या दरवाज्याच्या खालच्या वाटेवर खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे. तिथे मी एकटीच गाईडबरोबर गेले. ८७६ सालच्या शिलालेखात बागेच्या मापासाठी २७० हा आकडा लिहिलेला आहे. त्यातलं शून्य म्हणजे लहानसं वर्तुळ. मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ते वर्तुळ मी बोटाने हवेत गिरवून पाहिलं. त्याने मोबाईलचा उजेड आडवा धरून अक्षरं उठून दिसतील असं केलं. उजेड समोरून मारला तर काहीच दिसत नाही, हे त्यानेच शिकवलं.

चार वाजता उरवाईच्या उतारावर चालायला सुरुवात केली.

या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले आहे. शाळेच्या सहली घेऊन, लग्नाची पाहुणेमंडळी घेऊन. कायम वाहनात. पायी चालल्यावर कळलं की गाडीच्या काचेतून आपल्याला फक्त गुडघे आणि मांड्या दिसत होत्या. आदिनाथांची सर्वांत मोठी मूर्ती ५७ फूट उंच आहे. तिचं एक पाऊलच सुमारे ९ फुटांचं. मी त्याच्या खाली उभी राहिले आणि मान मागे टाकली, तरी चेहरा दिसेना. गाईडने आम्हाला रस्त्याच्या पलीकडच्या कठड्याशी नेऊन उभं केलं, मग सगळी मूर्ती नजरेत मावली.

विहीणबाई मनातल्या मनात हिशेब करत होत्या. “गोमटेश्वर एवढाच की! सत्तावन्न-अठ्ठावन्न फूट. आमच्या कुंभोजच्या बाहुबलीचे अठ्ठावीस. बडवानीचे बावनगजा चौऱ्याऐंशी.” त्यांनी श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक पाहिलेला आहे. तिथला गोमटेश्वर डोंगरमाथ्यावर मोकळा उभा आहे, चारही बाजूंनी आकाश. इथले आदिनाथ कड्याच्या आत आहेत, पाठ डोंगराला लागलेली. “तिथं देव आपल्याकडं बघतोय असं वाटतं. इथं डोंगरातनं आत्ताच बाहेर पाऊल टाकतोय असं,” असं त्या म्हणाल्या. मी ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

आणि मग चेहरे. बहुतेक मूर्तींचे चेहरे आणि लिंग छिन्नीने तोडलेले आहेत. बाबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला आला. उरवाईची जागा त्याला आवडली, पण या नग्न मूर्ती हा तिचा दोष वाटला आणि त्या तोडायचा हुकूम आपणच दिला, असं त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. सगळ्या मूर्ती तोडणं काही जमलं नाही, चेहरे गेले. पुढे जैन समाजाने काही मुखं चुन्याच्या गिलाव्याने परत घडवली. नीट पाहिलं तर हनुवटीखाली जोड दिसतो, मूळ दगडाचा रंग आणि गिलाव्याचा रंग वेगळा.

मला वाटलं होतं विहीणबाई इथे हळव्या होतील किंवा चिडतील. त्या एका लहान, चेहरा नसलेल्या मूर्तीसमोर बराच वेळ थांबल्या. मग पीठावर वाकून बैल शोधला, लांछन म्हणजे तीर्थंकराची खूण पाहिली, “हे पण आदिनाथच” म्हणाल्या आणि नमस्कार केला. चेहरा नसला तरी खुणेवरून देव ओळखता येतो. प्रत्येक तीर्थंकराचं लांछन ठरलेलं: आदिनाथांचा बैल, पार्श्वनाथांचा साप, महावीरांचा सिंह. पुढचा अर्धा तास त्यांनी मला लांछनं शिकवली आणि गाईड मागे उभा राहून तोही ऐकत होता. एका ठिकाणी त्याने सांगितलेलं नाव त्यांनी सुधारलं. त्याने मान्य केलं, वही काढून लिहून घेतलं आणि “माताजी, अगली बार सही बताऊँगा” म्हणाला. स्वतःला सगळं येतं असं न मानणारा गाईड, याला मी वेगळे गुण देईन.

एका पीठावर लेख आहे, अक्षरं बरीच झिजलेली. त्याने पुन्हा तसाच आडवा उजेड धरला. विहीणबाईंनी “संवत्” वाचलं, मी “गोपाचल” वाचलं. या गटातले लेख संवत १४९७ ते १५१०, म्हणजे १४४० ते १४५३ मधले. आपल्या गावाचं इतकं जुनं नाव, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर दगडात. किल्ल्याचा हा डोंगर गोपाचल, गोपगिरी. ग्वाल्हेर हे नाव त्यातूनच आलं, हे मी मुलांना शिकवलेलं आहे. पण वाचलं त्या दिवशी.

रस्ता अरुंद आहे आणि वाहनं सतत येत-जात असतात. हॉर्न फार वाजतात. आमच्या रस्त्याकडच्या बाजूला तो स्वतः चालला आणि वळणावर हात दाखवून गाड्या हळू करायला लावल्या. लहान मुलं बरोबर असतील तर इथे हात सोडू नका. मूर्तींच्या पायाशी वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या पडलेल्या पाहून वाईट वाटलं. ड्रायव्हरने खाली वाट पाहता पाहता गाडीजवळच्या उचलून पिशवीत भरल्या होत्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी दारात. सून ताटं वाढूनच बसली होती. विहीणबाईंचं जेवण उजेडात झालं.

आता हिशेबाचं. ३,२०० रुपये तीन जणींना (माझी जाऊही होती, ती वर किल्ल्यावर आमच्यात आली) जास्त नाहीत. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, गुजरी महालाचं वेगळं, सुटे पैसे किंवा मोबाईलवरून पैसे भरायची सोय हाताशी ठेवा. गाडी स्वच्छ होती, मागच्या सीटचा पट्टा मात्र अडकत नव्हता. ते मी त्याला सांगितलं, त्याने दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून फोटो पाठवला. गाईडला मराठी येत नाही. त्याची हिंदी सोपी आहे, विहीणबाईंना अडलं तिथे मी सांगितलं. पण महाराष्ट्रातून येणाऱ्या, हिंदीची सवय नसलेल्या वयस्कर माणसांनी बरोबर इथलं कोणी घेतलेलं बरं. सास-बहूजवळचं लांबलेलं बोलणं आणि संग्रहालयाची घाई यांचा अर्धा गुण कापते. पाचात साडेचार.

तुम्ही दुसरा कोणी गाईड केलात तर त्याला फोनवरच विचारा: आग्नेयेचा गट दाखवणार का, आणि उरवाई पायी उतरवणार का? दोन्हींना “टाइम नहीं मिलेगा” असं उत्तर आलं तर फोन ठेवा. अर्ध्या दिवसात किल्ला करायचाच असेल तर माझं मत असं की वरचं एखादं देऊळ सोडा, कडे सोडू नका. मानमंदिराची चित्रं घरबसल्याही पाहता येतात. नऊ फुटांच्या पावलाखाली उभं राहायला इथेच यावं लागतं.

विहीणबाई सांगलीला पोचल्यावर त्यांचा फोन आला. देवघरातला जुना फोटो तसाच ठेवला आहे, शेजारी तळहाताचा नवा लावला आहे. जाताना मी वाणात त्यांना मुरैन्याची गजक दिली होती, ती अख्ख्या गल्लीत वाटली म्हणे. आता पुढच्या हिवाळ्यात सोनागिरीचं ठरलं आहे. दतिया जिल्ह्यात, इथून साठेक किलोमीटर, डोंगरावर ७७ पांढरी जिनमंदिरं. त्याच मुलाला आत्ताच सांगून ठेवलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो गुडघ्यांचाच. या वेळी दशम्या विहीणबाई करून आणणार आहेत.